झग्यापुढची पाठ

माझ्या धाकटीचा आवाज जन्मापासूनच बेताचा. शाळेत ती "हजर" म्हणायची आणि बाई गैरहजर मांडायच्या. अशा मुलीला नोकरी लागली ती संग्रहालयात, जुन्या पोशाखांच्या दालनात, लोकांना अडवायची!

नियम साधा आहे. फोटो काढा, पण फ्लॅश नको. उजेडाने जुनं रेशीम विरत जातं. तिथला दोनशे वर्षांचा निळा झगा चार महिने काचेत उभा राहतो आणि मग चार वर्षं अंधारात पडून राहतो.

"झग्याला एवढी रजा, आणि तुला रविवारही नाही?" मी म्हटलं.

"आई, झगा कायम आहे. मी सहा महिने तात्पुरती."

ओरडणं जमेना, म्हणून तिने युक्ती काढली. कुणाच्या फोनवर फ्लॅशची खूण दिसली, की गुपचूप जाऊन फोन आणि काच यांच्या मधे उभं राहायचं. झगा वाचला, पण लोकांच्या फोटोंत हिची पाठ यायला लागली. "पोशाख पाहायला आलो, वेणी पाहून गेलो," असं कुणीतरी अभिप्रायवहीत लिहिलं. दालनप्रमुखांनी बजावलं, "तोंडाने बोला. पुढच्या आठवड्यात तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरवायचंय."

मला राहवेना. शेवटी काल तिला न सांगता तिकीट काढून गेले. ती कोपऱ्यात हात मागे बांधून उभी होती, गणवेश खांद्यात सैल. म्हटलं, एक फोटो काढून ठेवावा; नोकरी राहो न राहो. झग्याआडून फोन धरला, तिने मला पाहून तोंड उघडलं, आणि लख्खकन उजेड पडला.

"आई! फ्लॅश!"

अहो, काय तो आवाज! सगळ्या दालनातले फोन खाली आले. एका आजोबांनी तर हातच वर केले. फ्लॅश बंद करायला गेले, तर घाबरून मी परत फोटोचंच बटण दाबलं. पुन्हा लख्ख.

तेवढ्यात प्रमुख दारात. "दुसऱ्यांदा फ्लॅश मारणाऱ्यांचं काय करायचं?"

"बाहेर काढायचं," धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "चला बाई, आधी ते फोटो पुसा."

बाई! नऊ महिने वाहिलं मी हिला. पण पुसले. दोन्ही. तिने मान वाकडी करून खात्री केली, माझी पर्स उचलली आणि दंडाला धरून मला दारापर्यंत पोचवलं. तिथे कानात कुजबुजली, "गुडघा दुखतोय ना? जिन्याने नको, लिफ्टने जा."

आज तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. पहिल्या फोटोत ती समोरून होती, तोंड उघडं, भुवया कपाळात. तिची पाठ नसलेला त्या दालनातला तो एकच फोटो असेल. तो उरला नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय.