सांवेरवरचं एक वळण

मी एकदा साक्षात गणपतीला विमानातून उतरवलं आहे. कुणा भाविक विद्यार्थ्यानं आमच्या इंदूरच्या फ्लाइंग क्लबच्या जहाजात, समोरच्या पॅनेलवर, बुडाशी चुंबक असलेला छोटा गणपती बसवला होता. बाप्पा नेमके होकायंत्राच्या शेजारी. त्या दिवशी होकायंत्र उज्जैनला देवास समजायला लागलं. मी बाप्पांना रुमालात गुंडाळून ऑफिसात आणलं, स्टुलावर विराजमान केलं आणि विद्यार्थ्याला म्हटलं, "भिया, यांची मंजुरी नाहीये."

मी छोट्या विमानांचा देखभाल इंजिनिअर. जहाज उडायला योग्य आहे, अशी सही करणारा माणूस. लग्नाकार्यात लोक कौतुकानं विचारतात, "तुम्ही विमान उडवता?" मी जिलबीचा तुकडा मोडत, जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणायचो, "नाही. मी उडू देत नाही." हमखास हशा. पुष्कळ वर्षं हे वाक्य मी गावभर मिरवलं. आता म्हणत नाही. का, ते सांगतो.

आमच्या धंद्यात नियम एकच, बाकीची त्याची पिल्लं. कंपनीनं जहाज जसं बनवून मंजूर करून घेतलं तसंच ते राहिलं पाहिजे. स्क्रू बदलायचा तर तोच, त्याच नंबरचा, त्याच्या कागदासकट. पाण्याची बाटली अडकवायला कडं लावलंत तरी तो बदल झाला, त्याला मंजूर डिझाइन लागतं. सुकाणूच्या सळईला एकानं हात लावला, तर ज्यानं हात लावला नाही अशा दुसऱ्यानं ती पुन्हा तपासायची. मला हे सगळं मनापासून आवडतं. घरी कुकरची शिट्टीसुद्धा मी कंपनीचीच आणायला लावतो. बायको म्हणते, हिच्या चाचणी-उड्डाणाची तारीख कळव.

माझा थोरला भाऊ याच क्लबात शिकवायचा. मी खाली पाना घेऊन, दादा वर. आमच्या घराण्यात संस्थानच्या कारकुनीपासून सगळे खुर्चीवर बसूनच पोट भरत आले. दादाही बसूनच भरायचा, फक्त त्याची खुर्ची हवेत असायची.

त्याच्या शिकवण्याची एक पद्धत होती, ती जगात दुसरीकडे कुठं असेल असं मला वाटत नाही. विमान वळतं तेव्हा एका पंखावर कलतं. त्याच वेळी पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, अगदी बेताचं दाबलं, तर आत बसलेल्याला आपण कललो हे जाणवतही नाही. दाब कमी-जास्त झाला की सगळं एका बाजूला घसरतं. हे कळावं म्हणून पॅनेलवर नळीत एक गोळी असते. दादाचा त्या गोळीवर विश्वास नव्हता. तो मांडीवर एक पाटी घ्यायचा आणि खिशातून लौंगवाल्या, म्हणजे लवंगेच्या तिखट शेवेची पुडी काढून पाटीवर मूठभर पसरायचा. खाली सांवेरची सोयाबीनची शेतं.

"चल, वळव."

शेव जागची हलली नाही तर ती विद्यार्थ्याची. घसरून सांडली तर दादा गरजायचा, "रडर पे पाँव है कि पायदान पे?" आणि दुसरी मूठ पसरायचा. किती पोरं त्याच्याकडे शेव खात वैमानिक झाली! ती आता मोठाली विमानं चालवतात आणि प्रवाशांच्या चहाचं एक टिपूस सांडू देत नाहीत.

मग मानपूरच्या घाटात एका ट्रकनं दादाच्या मोटरसायकलला उडवलं. दादा वाचला, डावा पाय कामातून गेला. गाडी बिनक्लचची घेतली, काठी घेतली, घरी बसून मुलांना थिअरी शिकवू लागला. पण क्लबाच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला की बोलणं मध्येच थांबवून मान वर करायचा.

आमची मुख्य प्रशिक्षक दादाचीच जुनी विद्यार्थिनी. पुण्याहून शिकायला आली, इथंच राहिली आणि आमची कॅप्टनबाई झाली. मराठी इतकी स्वच्छ बोलते की तिच्यासमोर आमची इंदुरी मराठी परीक्षेला बसल्यासारखी वाटते. ती एके दिवशी घरी आली.

"सर, चला ना माझ्याबरोबर एकदा. सांवेरवरून एक चक्कर मारू."

"आणि मी काय करू?"

"बसा शेजारी."

"मी सियागंजच्या बाजारातून आलेलं पोतं आहे का, उचलून ठेवायला? पाय नाही तर रडर नाही. रडर नाही तर वळण नाही. मग वर जाऊन काय आभाळ बघू? ते खालूनही दिसतं." मग जरा वेळानं, वहिनी चहा घेऊन आत आली असताना, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "एक वळण हवंय मला. माझं मी घेतलेलं. पाटी मांडीवर ठेवून."

कॅप्टनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं.

तशी सोय जगात आहे, हे मला ठाऊक होतं. पायाऐवजी हातानं रडर चालवायचा एक दांडा मिळतो, आमच्या जातीच्या जहाजासाठी मंजूर झालेला, परदेशात बनतो. आमच्या वेल्डरकडून तसा दांडा एका दुपारी करून मिळाला असता. दादानं ते सुचवूनही पाहिलं. मी म्हटलं, "दादा, सगळं कागदावर येईल. रीतसर." आणि मी रीतसर लागलो. अर्ज, नकाशे, दिल्लीचे प्रश्न, प्रश्नांची उत्तरं, उत्तरांवरचे प्रश्न. दांड्याचं वजन वाढणार म्हणून जहाजाच्या तोलाचा हिशेब नव्यानं. दादाचं पोट बघून मी म्हटलं, "यालाही मंजुरी घ्यावी लागेल, हे मूळ डिझाइनमध्ये नव्हतं." एक दिवाळी गेली, दुसरी आली. दादा डॉक्टरांकडे जाऊन आला, खांद्याचे व्यायाम करायला लागला. वहिनी सांगायची, "बैठकीत खुर्चीवर बसून हातानं रडर मारतात. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणे क्षितिज."

आणि मंजुरी आली! मी क्लबात पेढे वाटले. परवानगीचे पेढे वाटणारा इंजिनिअर कुणी पाहिलाय?

दांडा बसवायच्या सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून हँगरमध्ये आला. त्याच्यासाठी मी स्टूल ठेवलं होतं, तेच ते बाप्पांचं. खिशात शेवेची नवी पुडी, मांडीवर जुनी पाटी. कॅप्टनबाई शेजारी उभी. सगळं जुळलं तर दुसऱ्या दिवशी ती उजवीकडे बसणार होती, दादा डावीकडे.

आमच्या जहाजाचे पंख खालून. सीटांच्या खालून एक आडवी तुळई जाते. तिला स्पार म्हणतात. दोन्ही पंखांचा भार तिच्यावर. दरवर्षीच्या तपासणीत तिच्याकडे झरोक्यातून टॉर्च आणि आरसा घालून बघतात, जेवढी दिसते तेवढी. दांड्याची बैठक बसवायला मात्र डाव्या सीटची पट्टी आणि तिच्याखालचा पत्रा काढावा लागतो. तो पत्रा, माझ्या आठवणीत, कुणीच कधी काढलेला नव्हता.

मी काढला. आत उंदराचं घरटं होतं. कापूस, चिंध्या, आणि पिवळे, तेलकट, खारट तुकडे.

शेव होती ती. वर्षानुवर्षांची. प्रत्येक चुकलेल्या वळणाची मूठ फटीतून खाली गेली होती, आणि उंदरांनी तिथं मेजवानी मांडून संसार थाटला होता. उंदीर जिथं खातो तिथंच बाकीचंही उरकतो. त्याचं मूत अ‍ॅल्युमिनियमला खातं. लाल गंज चढत नाही, पिठासारखी पांढरी भुकटी येते. ती भुकटी स्पारवर होती.

"काय झालं रे?" दादानं स्टुलावरून विचारलं. "पंगतीत श्रीखंड संपल्यासारखं तोंड झालंय तुझं."

मी त्याला आधार देऊन जवळ आणलं आणि आरसा हातात दिला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"लौंगवालीच आहे," तो म्हणाला.

"सर, त्यातली बरीचशी माझी असेल," कॅप्टनबाई म्हणाली. "डावं वळण मला येतच नव्हतं."

दादा खदखदून हसला. आम्हीही हसलो. मग मी भुकटी साफ केली आणि धातू किती खोल खाल्ला गेलाय ते मोजलं. जागा बदलून पुन्हा मोजलं. पुस्तकात किती चालतं ते मला पाठ होतं, तरी पुस्तक उघडून बघितलं. त्याच्या कितीतरी पुढं गेलं होतं. तो स्पार कंपनी आता बनवतही नाही.

त्या दोघांना सांगावं लागलं नाही. दोघंही वैमानिक.

हँगरच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. दादानं पुडी खिशातून काढली, पुन्हा आत ठेवली, आणि हसतच म्हणाला, "आजवर उडतच होतं ना हे? परवाही उडालं. चल, एक चक्कर. सांवेरपर्यंत. आल्यावर लिही काय लिहायचं ते."

तो हसत म्हणाला खरा, पण त्याचा उजवा हात हवेत, नसलेल्या दांड्यावर होता.

मी काय म्हणायला हवं होतं? त्याच्याजवळ बसून म्हणायला हवं होतं की दादा, मलाही हे हवं होतं, तुझ्याइतकंच हवं होतं. नाही तर निदान गप्प राहायचं. पण मी पडलो बोलका माणूस. समोर दोन श्रोते, मधे शांतता, आणि तोंडात वर्षानुवर्षं तयार असलेलं वाक्य. मी म्हणालो, "दादा, तुला माहितीये ना, मी उडू देत नाही."

कॅप्टनबाईनं मान दुसरीकडे वळवली. दादानं मात्र टाळी दिली. थोरला भाऊ आहे तो, धाकट्याचा विनोद फुकट जाऊ देत नाही. मग मी विमानाच्या नाकाला उड्डाणबंदीची लाल पट्टी बांधली.

निर्णय बदलायला मी आजही तयार नाही. तो स्पार कुणीही बघावा. वाक्य मात्र परत घ्यायला फार आवडलं असतं.

क्लबात दुसरं जहाज आहे, पण ते वेगळ्या बनावटीचं, पंख वरून. दांड्याची मंजुरी त्याला चालत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी दादाला म्हटलं, करतो अर्ज. तो म्हणाला, "अजून दोन दिवाळ्या? राहू दे रे. खांदा दुखतो हल्ली." कॅलेंडरसमोरची खुर्ची वहिनीनं बाल्कनीत नेऊन ठेवली. जुन्या जहाजाचे पंख उतरवले, ते हँगरच्या मागं गवतात पडलंय. दांडा खोक्यात, माझ्या कपाटात. विमानात खाण्यावर नियम नव्हता. स्क्रूला होता, शेवेला नव्हता. तो मी लिहिला, आणि नवे विद्यार्थी त्यावर हसतात.

रविवारी सकाळी दादाला मी पोहे खायला नेतो. परवा पोहेवाल्यानं दोन पानं भरली, वर जिरावण मसाला टाकला आणि शेवेची मूठ दादाच्या पानावर धरली. दादानं पान मागं घेतलं. इंदुरात बिनशेवेचे पोहे! पोहेवाल्याचा हात हवेतच राहिला.

"क्या हुआ भिया, तबीयत?"

"नी यार," दादा म्हणाला, "अपने हिस्से की तो चूहे खा गए."

पोहेवाला हसला. दादाही हसला, हँगरमध्ये हसला होता तसाच, आणि त्यानं लिंबाची फोड मागितली.