शेजारणीची दुसरी पसंती

आम्ही मूळचे नगरचे ख्रिस्ती. आयर्लंडमध्ये ॲथलोनपासून बसने अर्ध्या तासावर एका गावात राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी लगेच आपली वाटले. माझ्या तीन वर्षांच्या लेकीवर तर त्यांचा फार जीव. लेक बोलत नव्हती. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हॉलमधल्या बालवर्गात जायला लागली आणि तिथे तिला पहिले चार शब्द फुटले. नेमका तोच वर्ग बंद करायचं कौन्सिलमध्ये घाटत होतं.

२००९ची स्थानिक निवडणूक आली. नागरिक नसलो तरी त्या निवडणुकीत आम्हाला मत होतं. उमेदवार दारोदार फिरत होते. त्यातली एक शिक्षिका माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "मी निवडून आले तर वर्ग बंद होऊ देणार नाही." बस्स, मला तेवढंच हवं होतं. मी पदर खोचला आणि तिच्यासाठी घरोघर हिंडायला लागले.

शेजारच्या बाईंचं मात्र एकच टुमणं. दारात येईल त्या उमेदवाराला विचारायच्या, "गर्भपाताच्या विरोधात आहात का?" शिक्षिका म्हणाली, तो प्रश्न कौन्सिलपुढे येतच नाही. झालं! बाईंच्या लेखी ती बाद. ठामपणे हो म्हणणारा एक उमेदवार त्यांनी आपला मानला.

"अहो, गर्भपात मलाही पटत नाही," मी म्हणाले. "पण त्या एकाच गोष्टीवर मत द्यायचं? डोळ्यांसमोरच्या पोरीचं काय?"

"आज कौन्सिल, उद्या संसद. सगळे असेच चढतात," त्या म्हणाल्या. "न जन्मलेल्या बाळाला मत नसतं गं. माझं मत त्याचं आहे. मला देवापुढे उभं राहायचंय."

"मग माझ्या पोरीसाठी कोण उभं राहणार?" असं म्हणून मी तरातरा घरी आले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आतून वाईट वाटत होतं, पण माघार कोण घेतो!

तिसऱ्या दिवशी शिक्षिकेला सांगितलं, "आमच्या रस्त्यावरची अर्धी घरं गेली. त्यांचं मत दुसऱ्यालाच."

"आणि दुसरी पसंती मागितलीस का?" तिने विचारलं.

कसली दुसरी पसंती? आपल्याकडे एक बटण दाबलं की विषय संपला! इथे मतपत्रिकेवर नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. मोजणीच्या दर फेरीत सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो, आणि त्याला एक नंबर देणाऱ्याचं मत दोन नंबरवाल्याकडे जातं. अरे देवा! आठवडाभर मी लोकांच्या एक नंबरसाठी भांडत होते आणि दोन नंबर कुणाकडे मागितलाच नव्हता. असला गाढवपणा!

पुन्हा सगळी घरं घेतली. सगळ्यात आधी बाईंचं.

"पहिली पसंती तुमच्या मनासारखी द्या. मी त्यात पडत नाही. तुमचा माणूस पडला तरच, दुसरी माझ्या लेकीसाठी द्या."

त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मी फक्त एक लिहून कागद पेटीत टाकलाय. दोन लिहिणं म्हणजे मन डळमळल्यासारखं वाटतं."

"बघा बाई," एवढंच म्हणून मी निघाले.

मोजणी हाताने, त्यामुळे दुसऱ्या दिवसावर गेली. मोजणीच्या हॉलमध्ये बाई त्यांच्या माणसासाठी आल्या होत्या, मी आमच्या शिक्षिकेसाठी. शेवटच्या फेरीआधी त्यांचा माणूस बाद झाला. शिक्षिका अजून मागेच होती. आता त्याचे कागद दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायला सुरुवात झाली. एकेक कागद आमच्या ढिगावर पडत गेला, ढीग वाढत गेला आणि थोडक्या मतांनी का होईना, शिक्षिका निवडून आली. आता वर्ग वाचणार!

बाई जवळ आल्या. डोळे भरलेले.

"संसदेला उभी राहिली तर माझा तोच प्रश्न पहिला असेल. सांगून ठेव तिला."

"सांगते."

"आणि दोन मी लिहिलं होतं. पेन्सिल चांगली दाबून."

मी त्यांना कडकडून मिठी मारली आणि त्या भरल्या हॉलमध्ये मराठीतच ओरडले, "जिंकलो हो, जिंकलो आपण!"