भित्र्या अण्णांची यादी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. कारण ती तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्कांच्या, नवऱ्याची आहे, आणि या गोष्टीत वाईट वागलेला माणूस मी आहे. माझे हे साडू, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, त्यांच्याइतका भित्रा माणूस कोगनोळीच्या नाक्यापासून काकतीपर्यंत दुसरा मिळणार नाही. निपाणीत तंबाखूची वखार चालवून निवृत्त झालेला हा साडेपाच फुटी गृहस्थ पालीला भितो, गॅसच्या सिलिंडरला भितो, बँकेच्या बंद पाकिटाला भितो ("उघडलं की कायतरी निघतंयच"). बेळगावात टिळकवाडीला आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते लिफ्ट सोडून जिन्यानं येतात, आणि जिन्याचीही भीती असल्यामुळं दोन्ही हातांनी कठडा धरून, खेकड्यासारखे आडवे येतात. एकदा आमच्याकडं येताना बसच्या ड्रायव्हरनं जांभई दिली. अण्णा उठून त्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि त्याला झोप लागू नये म्हणून संकेश्वरपासून थेट स्टँडपर्यंत त्याच्याशी कन्नडमध्ये म्हशींबद्दल बोलत राहिले. उतरताना ड्रायव्हरनं त्यांना मुलीच्या लग्नाला बोलावलं. लग्नाला ते गेले नाहीत. मांडव कोसळला तर, म्हणाले.

शब्दांच्या बाबतीत मात्र हा माणूस वाघ होता. एका बारशाला कुणी पाहुणे प्राध्यापक त्यांना म्हणाले, "हुडकणं नव्हे हो, शोधणं म्हणावं." अण्णांनी हातातली वाटी खाली ठेवली. "तुम्ही शोधा की. आमी हुडकतो. बघू कुणाला आदी सापडतंय." सगळा मांडव हसला. त्या दिवशी मांडवाचीसुद्धा त्यांना आठवण राहिली नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बोलवा उठली की नवं सॉफ्टवेअर येणार आणि पन्नाशीतले कारकून घरी बसणार. भिण्याच्या बाबतीत मीही अण्णांचा साडू शोभतो. मोबाईलवरचे व्हिडिओ बघत मी प्रोग्रामिंग शिकायला बसलो. नवशिक्यांसाठी त्यात एक धडा होता: शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम. त्यात जादू काही नसते. शब्दांची एक यादी असते. मजकुरातला एकेक शब्द प्रोग्राम त्या यादीत बघतो, नाही मिळाला तर लाल करतो आणि त्याच्या जवळपासचा दुसरा सुचवतो. यादी जेवढी मोठी तेवढा तो शहाणा. माझ्या यादीत जेमतेम शंभर शब्द होते. अण्णा सहज आले होते, त्यांना म्हटलं, काहीतरी लिहून बघा. त्यांनी एका बोटानं लिहिलं, 'आक्कानं माडगं केलंय'. तिन्ही शब्द लाल झाले.

"ह्येला माडगं ठावं न्हाय?" अण्णा थक्क झाले. "मग जेवतंय काय हे मशीन?"

त्यानंतर दर रविवारी सकाळी ते निपाणीहून बस धरून यायचे. ते शब्द सांगायचे, मी टाईप करायचा. शेतातले, वखारीतले, चुलीपुढचे, भांडणातले. एकेका शब्दाबरोबर ते गोष्ट सांगायचे, आणि गोष्टीबरोबर हातवारे. 'बुट्टी' हा शब्द घालायच्या आधी त्यांनी माझ्या हॉलमध्ये डोक्यावर अदृश्य टोपली घेऊन एक फेरी मारली होती. मी म्हणायचो, अण्णा, एका वहीत पण लिहून ठेवू. त्यांना ते पटायचं नाही. "कागुद नको. कागदाला वाळवी लागती, उंदीर खातोय, पाणी पडतंय. मशीनमधी ऱ्हाऊ द्या." आणि जाताना प्रत्येक वेळी दारात थांबून विचारायचे, "पाव्हणं, दुसरी प्रत ठेवलीया न्हवं?"

"व्हय अण्णा," मी म्हणायचो. ठेवली नव्हती. आज ठेवू, उद्या ठेवू, असं चाललं होतं.

दीड वर्षात यादी चार हजारांवर गेली. पुण्याच्या लेकीला ते रविवारी माझ्याच मशीनवर लांबलचक पत्र लिहायचे आणि पाठवण्याआधी माझ्या प्रोग्रामपुढे धरायचे. एखादा शब्द लाल झाला की त्यांना उकळ्या फुटायच्या. "अडलं बघा, अडलं! घाला यादीत!" जगात ह्या एकाच ठिकाणी ते न भिता बसायचे.

एका सोमवारी रजा होती. दुपारी मी प्रोग्राममध्ये सुधारणा करायला बसलो. नवा शब्द आपोआप यादीत जावा, एवढंच करायचं होतं. फाईल उघडताना 'शेवटी जोड' या हुकमाऐवजी मी 'नव्यानं लिही' हा हुकूम दिला. तो मिळाला की यंत्र आधी फाईल रिकामी करतं आणि मग लिहितं. यादी उघडून पाहिली तर तिच्यात एकच शब्द होता, मी चाचणीसाठी घातलेला: 'नमस्कार'.

पुढचे सहा दिवस मी रविवारच्या भीतीनं काढले. दाराची बेल वाजली की आधी भोकातून बघायचो, मग तो दूधवाला का असेना. शेवटी शनिवारी इंटरनेटवरून कुठलीतरी तयार यादी उतरवून अण्णांच्या यादीच्या जागी ठेवून दिली.

रविवारी अण्णांचं पत्र निम्मं लाल झालं. 'माडगं'खाली प्रोग्रामनं विचारलं, 'मडकं म्हणायचं आहे का?'

"पाव्हणं, ह्यो तर पैलाच शब्द आपला."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "अण्णा, यादी पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवली. त्यांनी चुकीचे शब्द काढून टाकले."

मला वाटलं, आता गर्जना होणार. व्हावी अशी फार इच्छा होती. ते मला, तज्ज्ञांना, यंत्राला शिव्या देतील आणि मी सगळं ओकून मोकळा होईन. अण्णांनी पडद्यावरच्या लाल शब्दांवरून नुसतं बोट फिरवलं. प्राध्यापकाला ते भ्याले नव्हते, पण हे यंत्र त्यांनी स्वतः घास भरवून वाढवलं होतं.

"शिकलेली माणसं न्हवं ती?"

"हो."

"मग बरुबर असंल." आणि 'माडगं' खोडून त्यांनी एका बोटानं 'हुलग्याची पेज' असं लिहिलं.

महिन्याभरानं पुण्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. "काका, अण्णांना बरं न्हाय काय? पत्र आलंय, पण सरकारी नोटीस वाचल्यागत वाटतंय. 'आम्ही सर्व कुशल आहोत.' कोण कुशल? आमच्या घरात असं कोण बोलतंय?" मी म्हणालो, वय झालं गं त्यांचं. हे आणखी एक खोटं.

पुढच्या खेपेला जिना उतरता उतरता, कठडा धरून, माझ्याकडं न बघता अण्णांनी विचारलं, "एवढी वर्सं मी चुकीचंच बोलत आलो काय हो?" मी म्हणालो, "तसं नाही अण्णा." पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. खालून कुणीतरी वर येत होतं, ते निमित्त मला पुरलं.

गेल्या महिन्यात निपाणीला त्यांच्याकडं जेवायला होतो. अण्णांना काहीतरी हवं होतं. त्यांनी बोटानं दाखवलं. आक्कांनी मीठ दिलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा बोट केलं. आक्का वैतागल्या, "तोंडाला काय झालंय तुमच्या? नाव घ्या की!" अण्णांनी तोंड उघडलं, मग आधी माझ्याकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नको आता."

कुणी तज्ज्ञ नव्हते. यादी मी पुसली, आणि अण्णांचा एकही शब्द चुकीचा नव्हता. हे समोर बसून सांगण्याचं देणं मी अजून त्यांना लागतो.