एका रकान्यात न मावलेली विनंती

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे कोशकाका म्हणत. परदेशी बातम्यांचं भाषांतर करण्यात त्यांची उभी हयात गेली. चुकीचा शब्द वापरणाऱ्याकडे ते अशा नजरेने पाहत, की जणू त्याने चारचौघांत नाक शिंकरलं. बायकोच्या वाणसामानाच्या यादीतलं शुद्धलेखनही ते सुधारत. परिणामी घरात यादी तोंडी असे.

त्यांच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. भांडणात तिच्या धाकट्या भावाच्या हातून त्याचा मालक मेला आणि भावाला फाशीची शिक्षा झाली. दयेचा अर्ज सरकारपुढे होता आणि सरकार, रिवाजाप्रमाणे, लोक काय म्हणतात याचा वास घेत होतं. लोक डळमळीत होते. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून सांगायचा, "जन्मभर सडू दे आत. मारून काय मिळणार?" अशा वेळी गिऱ्हाईक सहसा वाद घालत नाही.

अशात एका बड्या परदेशी सरकारचं निवेदन आलं. फाशी देऊ नये, असं त्यात विनवलं होतं. मूळ क्रियापद मऊच होतं. फार ताणलं तर 'आग्रह' झाला असता. काकांनी मजकुरात 'विनंती' लिहिलं. मथळ्याला मात्र एकच रकाना होता.

"काका, 'परदेशाची विनंती' बसत नाही," उपसंपादक म्हणाला. "आणि बसली तरी वाचतंय कोण?"

"मग 'तंबी' करा," काका म्हणाले. शब्द चपखल बसला. काकांनी खुशीत चहा मागवला.

सकाळी न्हाव्याने पेपर उघडला. मजकुरापर्यंत तो कधीच पोचत नसे.

"हे कोण टिकोजीराव आपल्याला शिकवणारे? आता तर द्याच फाशी."

"काल तर नको म्हणत होतास," बाकावरचा एकजण म्हणाला.

"काल मला कुणी तंबी दिली नव्हती."

बघता बघता सगळ्या गावाचा स्वाभिमान जागा झाला. कुणाच्याही दबावापुढे मान तुकवणार नाही, असं मंत्र्यांनी जाहीर केलं. मान अर्थात दुसऱ्याची होती.

काकांनी संपादकांना गाठलं. "दुरुस्ती छापू या. तो शब्द माझा."

"मजकुरात तर विनंतीच आहे. चूक कुठाय?"

"मथळ्यात."

"मथळा म्हणजे मत हो, काका. मताची कसली दुरुस्ती?"

काका जागेवर येऊन बसले. आणखी जोर लावता आला असता. पण निवृत्ती तोंडावर आली होती आणि इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही दुरुस्ती नव्हती.

अर्ज फेटाळला गेला. त्या संध्याकाळी जिन्यात शिवणवाली भेटली. डोळे सुजलेले.

"काका, ते परदेशातले लोक इतकं उर्मट का हो बोलले? जरा गोडीत सांगितलं असतं, तर आपल्या माणसांनी ऐकलं असतं ना?"

काकांच्या ओठांवर शब्द आला होता. अगदी अचूक.

"मोठी माणसं, बाई," ते म्हणाले. "त्यांची बोलायची रीतच तशी."

"असेल. तुम्हाला त्यांची भाषा येते. तुम्ही सांगाल ते खरं."

वयाचा मान म्हणून ती भिंतीला टेकून बाजूला झाली. काका खाली मान घालून वर गेले.