मनोहरभाऊंचा मागचा दिवा

बुटीबोरीच्या कापड गिरणीत माझा पहिला दिवस संपला आणि मी फाटकाबाहेर पडलो, तोच मोटारसायकलच्या मागं उकिडवे बसलेले एक गृहस्थ ओरडले, "ए गा, जरा ब्रेक दाबतं का?" मी हँडलचा ब्रेक दाबला. ते मागच्या दिव्याकडं डोळे बारीक करून बघत राहिले. नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "सोड. आता पुन्हा दाब." हे मनोहरभाऊ. पुढं कळलं की रोज संध्याकाळी ते असंच कुणालातरी धरतात आणि दिवा तपासल्याशिवाय घरी निघत नाहीत.

ते आमच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळं आम्ही येता-जाता सोबत असू. ते पुढं, मी माझ्या गाडीवर मागं. पूर्वी एकदा वर्धा रोडवर एका कारनं त्यांना मागून हलकंसं ठोकलं होतं. मडगार्ड वाकलं, भाऊंना खरचटलंही नाही. पण त्यांच्या बायकोनं, पुष्पावहिनींनी, निकाल दिला, "आता अजून कोनी ठोकलं ना, तर गाडी विकून टाकीन. गुमान बसनं जायचं." गिरणीच्या बसचं नाव काढलं की भाऊंचं तोंड कडू व्हायचं. "बसमंधी मानूस नाही जात गा, सामान जाते," असं त्यांचं मत. गाडी गेली तर आपण संपलोच, अशी त्यांची खात्री होती.

म्हणून त्यांनी जुना बल्ब काढून एलईडी बसवला. दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू, "मिणमिण करून राहिला गा हा." मग त्याहून मोठा आणला. तोही पसंत पडेना, तेव्हा एलईडीची अख्खी पट्टी. भाऊंनी ब्रेक दाबला की मला पुढचा रस्ता दिसेनासा व्हायचा. "भाऊ, आता पुरे करा," मी विनवलं. "तू मले खुश कराले बोलून राहिला," त्यांनी मला उडवून लावलं. मागच्या गाड्या आता लांबूनच वेग कमी करत. भाऊ त्यावरही खूश, "पाह्य, लोकं कशी इज्जत करून राहिले!"

शेवटी एका रविवारी संध्याकाळी त्यांनी पंच म्हणून वहिनींनाच गल्लीत आणलं. मी ब्रेक दाबला. वहिनींनी पदर डोळ्यांवर घेतला. "अवो, डोये फुटतीन लोकायचे! अजून किती उजेड पाह्यजे?"

"तुले हा उजेड वाटते?" भाऊंनी विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारत होते.

वहिनींनी त्यांच्या डोळ्यांकडं निरखून पाहिलं. मग समोर उभ्या स्कूटरकडं बोट दाखवून म्हणाल्या, "तिचा नंबर वाचा बरं." भाऊंनी मान पुढं काढली, खाकरले, आणि स्कूटर कुणाची आहे ते सांगू लागले. वहिनींनी गाडीची चावी काढून कमरेला खोचली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनपेक्षा भाऊंना चावीचीच धास्ती जास्त. तेवढे दिवस ते बसनं जात होते आणि खिडकीतून माझ्याकडं असे बघायचे की मलाच अपराधी वाटायचं.

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या संध्याकाळी भाऊ थेट गाडीमागं जाऊन बसले. वहिनींनी चावी लावून दिली; मी ब्रेक दाबताच भाऊ दचकून मागं सरकले. "बापरे! हे घेऊन मी तुह्या समोर फिरत होतो? काहून नाही बोलला गा?" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी स्वतःच पट्टी काढली आणि पहिला, साधा एलईडी बसवला.

मग हात पुसत ओट्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "मले वाटे, उमर झाली का सारं असंच मंद होत जाते. सगळ्यायचंच होत असन. म्हनून चूप होतो."

वहिनींनी गाडीची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"मंद झालं होतं, तं मले सांगायचं," त्या म्हणाल्या. "त्या लाइटले काय सांगत बसले?"