दमणीत जाड कडबा

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. त्रेचाळीस साली, आखाजीच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, तिच्या सासरच्या ओट्यावर. करणारे तिघे होते: तिची सासू, तिचा नवरा आणि मी. पहिल्या दोघांवर लिहायचं मी शिकलेलो आहे. सासवा आणि नवरे यांच्यावर आमच्या सुधारक तरुणांच्या मंडळानं गठ्ठ्यांनी पत्रकं काढली. तिसऱ्यावर एकही निघालं नाही. म्हणून हे लिहितो.

आमच्या खानदेशात दिवाळी हुकली तर मुलगी रुसते, आखाजी हुकली तर गाव विचारतं. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशीण माहेरी आलीच पाहिजे. तिला आणायला जो भाऊ जातो तो मुऱ्हाळी, आणि मुऱ्हाळी जातो दमणी घेऊन. वर कमानीची ताडपत्री, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, आत गोधडी. ही दमणी मला नुसती पोकळ मिरवणूक वाटायची. तसं मी एका पत्रकात छापूनही टाकलं होतं.

बहिणीला अक्षरं मीच शिकवली, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्या चैत्रात तिचं कार्ड आलं: "भाऊ, आखाजीला दमणी घेऊन ये. खाली कडबा जाड अंथर. उशीर करू नको." मी वडिलांना, आबांना, वाचून दाखवलं आणि हसलो. म्हटलं, पाहा, सासरी राहून आपली पोर ऐषारामी झाली!

आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सायकलला तेल देताना पाहून म्हणाले, "मुऱ्हाळी सायकलवर जास का रे? बहीणले आणाले चालना का तार देवाले?"

मी त्यांना समजावलं. जाताना सायकल, येताना ती कॅरिअरवर, तापीपर्यंत. पुढे मिळेल ते वाहन. गावोगावच्या बायका बघतील, की बाईमाणूस सायकलवर बसलं तरी आभाळ कोसळत नाही. आबांनी चिलीम झटकली आणि गोठ्यात गेले.

आता खरं सांगतो. तत्त्व होतं, पण तत्त्वाच्या आड हौस होती. लढाईचे दिवस. मोठ्या सडकेवर लष्करी लॉऱ्यांची रांग, धूळ, भोंगे, कडेला उतरून उभं राहायचं. मला त्याचा वीट आला होता. मला हवी होती सातपुड्याच्या पायथ्याची बैलगाडीची वाट. धरणगावाकडून तापीला उतरायचं, नदी ओलांडायची, चोपडा मागे टाकून डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि जायचं. त्या वाटेवर तासतासभर माणूस दिसत नाही. मी दोन वर्षं दर उन्हाळ्यात ती वाट करायचो. दीड दिवसाची वाट, मी तिला तीन दिवस दिले. आखाजीच्या आदल्या दिवशी पोचलो म्हणजे झालं, असा हिशेब.

आणि ते तीन दिवस, काय सांगू, सुखाचे गेले. भल्या पहाटे निघायचं, ऊन तापलं की आमराईत आडवं व्हायचं. चाकोरीतला मऊ फुफाटा, त्यात चाकाचा आवाजसुद्धा बुडतो. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येते, आणि ती थांबली की होल्याचं घुमणं. नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच पिवळाधमक बहावा, पलीकडे निळा सातपुडा. ना पोलीस, ना लॉरी, ना भाषण. एका ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी प्यालो आणि तिथेच दुपार काढली. उशीर करू नको, असं कार्ड खिशात होतं.

तापीच्या वाळूत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागल्या होत्या. एका वाडीवाल्या नानांनी हाक मारली, "भाऊ, कथा चालना?"

"बहिणीला आणायला."

"मंग गाडी मांगे शे का?"

"गाडी नाही, नाना. ही सायकल."

नानांनी कॅरिअर निरखून पाहिलं. "एवढासा पाटवर बहीण बसी का डांगर?" असं म्हणून त्यांनी एक पिकलेलं डांगर काढून मागे बांधलं. "डांगर बसनं. हाई तुना बहीणले दे."

ते डांगर घसरायला लागलं, तोल जायला लागला. पुढच्या आमराईत मी ते फोडून खाल्लं. फार गोड होतं.

बहिणीच्या गावात शिरलो तेव्हा गावभर लिंबांना झोके टांगलेले होते आणि माहेरी आलेल्या पोरी किंचाळत होत्या. तिच्या सासरच्या दारात दमणी उभी होती. तिचा नवरा सकाळीच स्वतःच्या बहिणीला घेऊन आला होता. ताडपत्रीखाली कडब्याचा चांगला हातभर थर दिसत होता.

माझी बहीण ओट्यावर बसली होती. लुगडं नेसून, बोचकं मांडीवर घेऊन, तयार. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

सासू बाहेर आली. "गाडी कथी शे?"

मी घंटी वाजवून दाखवली. मला वाटलं, हसतील.

"आमनी सून काय टपालनी थैली शे, मांगे बांधी लई जावाले?"

बहीण मला पाणी द्यायला उठली. तांब्या देताना अगदी हळू बोलली. "भाऊ, मला चौथा चालू आहे. दोनदा रक्त गेलं. पाचवा लागल्याशिवाय माहेरी कळवायचं नाही, ही इथली रीत. कार्ड आधी घरात वाचतात. म्हणून कडबा लिहिला."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. जळगावात बाईडॉक्टर होती. तिथवर तिला आडवी नेता आली असती, हळूहळू, कडब्याच्या थरावरून. तिनं सगळं त्या कार्डावर लिहिलं होतं. मी ते तीन दिवस खिशात घेऊन डांगर खात होतो.

समोर दमणी उभी होतीच. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, "पाहुणे, ही गाडी द्या. आजच निघतो."

तो दमलेल्या बैलांकडे बघत म्हणाला, "बैल थकेल शेत. मायले विचारा."

मायनं सांगितलं, "आमनी गाडी तुमना दारशी गयी त लोके काय म्हणतीन? माहेरले बैल नहीत? मुऱ्हाळीनी गाडी माहेरनीच लागस."

ती कठोर होती, पण इतकीही नव्हती. तिच्या आवाजात थोडी फट होती, हे मला आज कळतं. मी हात जोडले असते, अक्का म्हणालो असतो, तर कदाचित दिली असती गाडी. पण मी पत्रकांवर वाढलेला माणूस. मी ओट्याच्या पायरीवर चढलो आणि भाषण दिलं. रूढी, गुलामगिरी, स्त्रीजातीचा छळ, सगळं. पोरी झोके सोडून आल्या. गल्ली भरली. बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या, आणि माझा आवाज चढत गेला. मी बहिणीच्या सासूला तिच्याच दारात, तिच्या लेकीसमोर, राक्षसीण म्हणालो. ती फट तिथे बुजली. एवढ्या लोकांदेखत कोण गाडी काढून देईल? सासू आत गेली आणि दार लोटून घेतलं.

बहीण म्हणाली, "भाऊ, भाषण नको. गाडी आण."

गावात चार घरी गेलो. कुणाची दमणी लेकीला आणायला गेलेली, कुणाची नुकती आलेली. उद्या सण, सणाला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. झालं.

उलटा फिरलो. तीच वाट. मला हवी होती तशीच, रिकामी. आता मला लॉरी हवी होती. लष्कराची चालली असती, सरकारची चालली असती, ज्यांच्याविरुद्ध मी घसा फोडला त्यांच्यातल्या कुणाचीही. मी पुढे बघत होतो, मागे बघत होतो. बहावा तसाच पिवळा. होला तसाच घुमत होता. आदल्या दिवशी जी शांतता मी मिटक्या मारत प्यालो होतो, ती आता मला नको होती. ओरडलो तर ओढ्याच्या दरडीवरून माझाच आवाज परत आला.

चोपड्याच्या अलीकडे सराट्यांच्या काट्यांनी मागची ट्यूब खाल्ली. लढाईत नवी ट्यूब मिळत नव्हती, ठिगळावर ठिगळ होतं, ते सगळं एकदम सुटलं. पिशवीत मंडळाची पत्रकं होती, बहिणीच्या गावात वाटायला आणलेली. ती चुरगळून टायरमध्ये कोंबली आणि त्यावर सायकल हाकली. ती पत्रकं तेवढ्याच कामाला आली. दर फेऱ्याला ढुप, ढुप, ढुप. पहाटे नदीच्या वाळूत नाना दिसले. माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाले.

रात्रभर हाकत आखाजीच्या सकाळी घरी पोचलो. आईनं पितरांच्या घागरीवर डांगर ठेवलं होतं. मी आबांना दोन वाक्यांत सांगितलं. सण असून त्यांनी बैलांना जू लावलं. मग कडबा आणून घालू लागले, पेंढीवर पेंढी. वर गवत, वर दोन गोधड्या. हातानं दाबून पाहिलं आणि पुन्हा घातला.

दमणी बहिणीच्या दारात लागली तेव्हा सण उलटून गेला होता. आखाजीच्या दिवशी पाण्याची घागर उचलताना तिचं पोट पडलं होतं. ती भिंतीला धरून बाहेर आली. दमणीजवळ येऊन तिनं हात आत घातला आणि कडबा दाबला.

"जाड अंथरलाय," म्हणाली.

आबा म्हणाले, "चाल, माय."

"आते कसाले, आबा?" एवढंच. ती आत गेली. सासूनं आम्हाला पाणी विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते, हेही लिहून ठेवतो, कारण माझ्या भाषणात ही गोष्ट बसत नव्हती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. दर आखाजीला मी दमणी घेऊन जातो, बैलांसोबत पायी चालत. ती दारात येते, पाणी देते, हात आत घालून कडबा बघते आणि आत जाते. रिकामी गाडी घेऊन मी परत येतो. कार्ड तिनं पुन्हा पाठवलं नाही. सायकल गोठ्यात आहे. टायरमध्ये ती पत्रकं अजून आहेत.

आखाजी आठ दिवसांवर आली. तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्ही शिकलेले आहात, माझ्यासारखेच सुधारलेले. तुमच्या बहिणीचं कार्ड आलं असेल. काढा ते, आत्ता, आणि पुन्हा वाचा. तिनं जे मागितलंय तेच न्या, तिनं सांगितलंय त्या दिवशी न्या. कशाला मागितलं हे विचारत बसू नका. तुम्हाला काय योग्य वाटतं ते घरी ठेवा. उठा, आणि कडबा घाला.