एक मूठ सोडून

पन्हाळ्याला लेकीकडं होते, तिथं सकाळीच फोन आला, "काकू, आई गेली." हौसाक्का माझी थोरली जाऊ आणि फोनवर तिचा लेक दिनकर. चाळीस वर्षं एका चुलीवर भाकरी थापल्या आम्ही दोघींनी. कागलजवळच्या आमच्या गावी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि भावकीतले दोघं गोठ्यात लसूणघासाचे भारे टाकत होते. मयताच्या घरची जनावरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्याच मळ्यातनं वैरण भावकीनं कापून आणायची, ही आमच्याकडची रीत. डोळ्यांत पाणी होतं, भाऱ्यांची बुडं काही मी बघितली नाहीत... बघायला हवी होती.

बाराव्या दिवशी मळ्यात गेले आणि बांधावरनंच दिसलं. आक्काचा घासाचा वाफा मातीलगत तासलेला! एकदा नव्हे, दोनदा. मधल्या दिवसांत फुटलेले वीतभर कोंभसुद्धा खरवडून नेलेले. उरली पिवळी खुंटं आणि तण. आणि घरी चहा पिता पिता एका पावण्यानं काय म्हणावं? "आक्का गेली, घासानं बी जीव सोडला. मुक्या पिकाला सुदिक माया असती." सगळ्यांनी माना हलवल्या. माझं डोकंच फिरलं, भावकीकडं वळले. "माया कसली डोंबलाची! बुडापतूर तासलासा तुम्ही, आणि नाव दुःखाचं लावताय व्हय?"

राग अजून गेलेला नाही माझा. लोक तिला 'हात गुणाचा' म्हणायचे. अहो, हात गुणाचा नव्हता, डोकं होतं ते! डावी मूठ मातीवर टेकवून ताटं धरायची आणि मुठीच्या वरनं विळा चालवायची. खाली राहिलेल्या बुडख्यातनंच नवा फुटवा येतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलेलं. चुकार जांभळी फुलं दिसल्याशिवाय विळा लावायची नाही. तोवर मूळ पोट भरून घेतं, म्हणायची. दिनकर एकदा कुरकुरला, "आई, म्हस वरडतीया आणि तू फुलं बघत बसलीयास?" तशी म्हणाली, "बाळंतिणीला सव्वा महिना देत्यात न्हवं? मग घासाला का न्हाय?" सून तिथंच होती. "सव्वा महिना कुठला, आत्ती? बाराव्या दिवशी भाकरी थापाय बसवलासा की मला!" त्यानंतर धाकट्या नातीच्या वेळी मात्र आक्कानं महिनाभर चुलीपाशी फिरकू दिलं नाही सुनेला.

त्या बाराव्यालाच दिनकर म्हणाला, "काकू, वाफा मेलाय. नांगर घालतो, ऊस लावूया." म्हटलं, "आईचं आयुष्य गेलं त्यात, तुला महिना निघंना? तण काढ, पाणी दे, आणि विळा लावलास तर माझ्याशी गाठ हाय!"

काल बघायला गेले. मधे खळगे पडलेत, ते काही आता भरायचे नाहीत. पण निम्म्याहून जास्त वाफा गुडघ्याला लागलाय, आणि शेंड्यांवर चार-दोन जांभळी फुलं. आक्काचा विळा घेतला, डावी मूठ मातीवर टेकवली. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी. दिनकर मागनं म्हणालाच, "काकू, जरा खालनं काप की, वाया चाललंय."

"ऱ्हाऊ दे," म्हटलं. "बुडाला ठेवल्यालं वाया जात न्हाय, बाबा."